आधी कीबोर्ड, मग कोडिंग

जून लागला की पालकांचे आणि शिक्षकांचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बदलतात, गोंधळ तोच राहतो. म्हणून काही उत्तरं एकदाच देऊन टाकते.

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. एका ऑनलाइन क्लासचा मोफत डेमो घेतला, तेव्हापासून रोज फोन येतो. ‘आत्ता कोडिंग शिकली नाही तर मागे पडेल, सवलत आज रात्रीपर्यंतच आहे’ असं सांगतात. पैसे भरू का?

नको. उद्या सकाळी तुम्हीच फोन करून बघा, सवलत जागेवर असेल. मुलांच्या कोडिंगच्या अशाच काही जाहिराती २०२० साली जाहिरात मानक परिषदेच्या हस्तक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या होत्या. पालक ते विसरले, विकणारे विसरले नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर येतं, तिसरीत नाही. मुलीला खरोखर आवड असेल तर ‘स्क्रॅच’ हे खेळत कोडिंग शिकवणारं संकेतस्थळ फुकट आहे आणि आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठीच केलेलं आहे. महिनाभर तिला त्यावर खेळू द्या, मग वर्गशिक्षिकेशी बोलून ठरवा.

प्रश्न: पाचवीतल्या मुलाला टॅब घ्यावा की लॅपटॉप?

लॅपटॉप. जुना चालेल, फक्त घेण्याआधी ओळखीच्या तंत्रज्ञाकडून बॅटरी आणि कीबोर्ड तपासून घ्या.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सुट्टीनंतर शाळेच्या संगणकावर एकही संकेतस्थळ उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. दुकानदार म्हणतो, संगणक बाद झाला, नवा घ्या.

सर, आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. महिना-दोन महिने बंद राहिलेल्या जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरतो. मग मशीन सुरू केलं की घड्याळ कैक वर्षं मागे गेलेलं असतं. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाच्या हिशेबी ती अजून सुरूच झालेली नाही, म्हणून तो काहीच उघडू देत नाही. तारीख नीट करून बघा. बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती परत मागे गेली तर सेल बदला. बहुतेक संगणकांत तो सीआर २०३२ असतो, किरकोळ किमतीत मिळतो. बदलताना मुलांना भोवती उभं करा, संगणकाचं पोट त्यांनाही दिसू दे. जुना सेल मात्र लहानग्यांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं. एवढं करूनही अडलं तर तंत्रज्ञ बोलवा, पण तो दुकानदार सोडून दुसरा.

प्रश्न: आठवीतल्या मुलाने एमएस-सीआयटी करून टाकावं का?

घाई कसली? दहावीनंतरच्या सुट्टीत बघा.

प्रश्न: मुलगा सातवीत आहे. सह्याद्रीवरचा प्रकल्प मराठीत टाइप करून द्यायचा आहे. सायबर कॅफेवाले म्हणतात, जुना फॉन्ट आणि टाइपरायटरचा कीबोर्ड हेच खरं मराठी टायपिंग. मुलगा म्हणतो, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की आपोआप मराठी होतं. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. आणि आता जरा सविस्तर ऐका, कारण सगळ्यात जास्त हेळसांड इथेच चालली आहे.

जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो खरा, पण आत साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडा, किंवा मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाका, नुसती अक्षरांची खिचडी दिसेल. त्यात शब्द शोधता येत नाही, अंध विद्यार्थ्याच्या वाचक-ॲपला ते वाचता येत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, आणि देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. तरी अजून प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टात निघतात आणि ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या शाळेत उघडत नाहीत. याला मी आळस म्हणते.

आता चिरंजीवांचं म्हणणं. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणं घाईच्या निरोपापुरतं ठीक आहे. पण एकाच ‘एन’मधून न आणि ण, एकाच ‘एल’मधून ल आणि ळ काढायचे, तर निवड यंत्र करतं आणि पोर समोर येईल तो पहिला शब्द ठोकून मोकळं होतं. प्रकल्प सह्याद्रीचाच आहे ना? त्यात ‘खोल दऱ्या’ लिहिलंय की ‘खोल दर्या’, तेवढं बघा. दऱ्या घाटात असतात, दर्या कोकण ओलांडल्यावर लागतो.

त्याला इन्स्क्रिप्ट शिकवा. १९८६ साली भारत सरकारने ठरवलेली ही कीबोर्डची मांडणी विंडोजमध्ये फुकट असते. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडायची, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलायचं. डाव्या हाताखाली काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजनं. शिफ्ट दाबून ठेवला की क चा ख होतो, ग चा घ, ल चा ळ आणि र चा तो ऱ, ज्यावाचून ‘दऱ्या’ लिहिता येत नाहीत. द, शिफ्टसह र, ‘डी’च्या कळीवर हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य, मग काना. झाली ‘दऱ्या’. वर्णमाला येणाऱ्या मुलाला यातली संगती पटकन उमगते. इथे अडखळतात ती मोठी माणसं.

रोज पंधरा मिनिटं, कीबोर्डकडे न बघता. अक्षरांचे स्टिकर आणू नका, मग नजर खालीच राहते. पुढेमागे शासकीय टायपिंग प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तर तिथे कोणती मांडणी चालते ते नोंदणीआधी मान्यताप्राप्त संस्थेत विचारा. कॅफेवाल्यांना नको.

प्रश्न: सहावीतली मुलगी चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेते. अडवू का?

अडवा. कंपनीच्याच अटींत वयाची मर्यादा किमान १३ आहे आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. शाळेचा नियम काय आहे ते वर्गशिक्षकांना विचारा.

प्रश्न: नववीतल्या मुलीचा फोटो लावून कोणीतरी इन्स्टाग्रामवर बनावट खातं उघडलं आहे. पंधरा दिवस झाले. शेजारी म्हणतात, दुर्लक्ष केलं की आपोआप बंद होतं. थांबू का?

पंधरा दिवस थांबलात तेच फार झालं. खात्याचं नाव, दुवा आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, मग ॲपमध्ये तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा आणि तिची प्रत घेऊन आजच पोलीस ठाण्यात जा. पैशांची मागणी झाली असेल आणि ते दिले गेले असतील तर १९३० वर फोन करा, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. मुलीचा फोन काढून घेऊ नका आणि तिच्यावर आवाज चढवू नका, नाहीतर यापुढचं काही ती तुम्हाला सांगणार नाही. ती गप्प गप्प असेल तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. आणि असा प्रश्न माझ्याकडे पाठवून उत्तर छापून येण्याची वाट कुणीही बघू नये.