गावाजवळच्या पाच एकर उजाड माळावर लवकर वाढणारी गिरिपुष्प, सुबाभूळ लावावी का?

उजाड म्हणजे काय हो? तुमच्या प्रश्नातला हा एक शब्द वाचून मी रात्री साडेअकराला लिहायला बसलोय. तुमचं म्हणणं असं, की पाच एकर पोटखराबा आहे, नुसतं गवत उगवतं, तेही दिवाळीनंतर वाळून जातं, तर तिथे गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली तर तीन-चार वर्षांत जंगल होईल का. झाडी होईल. तीन वर्षांत तुमच्या डोक्यावर जाईल. म्हणूनच लावू नका.

आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या मोरगाव-सुप्याच्या पट्ट्यातलं. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. गावाच्या उत्तरेला साठेक एकर गायरान आहे. मुरमाड जमीन, मध्ये एक ओघळ, चार हिवर, थोड्या बोरी, बाकी हेंकळ, तरवड आणि गवत. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आप्पा वाडा (म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ) घेऊन कोकणात उतरायचे आणि मिरगाच्या आधी परत यायचे. मग पावसाळाभर मेंढरं ह्याच माळावर. आप्पांना गवतं नावानिशी माहीत होती. मारवेल ओघळीच्या कडेला, पवन्या जरा वर, डोंगरी नावाचं गवत उतारावर, आणि कुसळी सगळीकडे. कुसळी फुलायच्या आत चारून घ्यायची, नाहीतर कुसळं लोकरीत शिरतात. कोणता तुकडा कधी चारायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. सातबाऱ्यावर मात्र पडीक.

१९९६ साली मी दहावीला होतो. त्या वर्षी गावात वृक्षलागवडीची टूम निघाली आणि माझा थोरला भाऊ, दादा, गावच्या समितीत होता. तालुक्याहून ट्रॅक्टर भरून रोपं आली, सगळी गिरिपुष्पाची. शाळेतल्या पोरांनी खड्डे खणले. मी एकट्याने दोनशेच्या वर खणले असतील, हाताला फोड आले होते आणि मला त्याचा फार अभिमान होता. आप्पा नुकतेच कोकणातून आले होते. ते माळावर आले, एका रोपाचं पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये मेंढरं खायाची न्हाईत. आन् ज्ये कुनी खात न्हाई त्ये माजतं. कोकणात ती रानमोडी बघितलीया म्या. ती बी आदी हिरवीच दिसती."

दादा म्हणाला, "आप्पा, झाडं लावल्यावर पाऊस वाढतो. तुम्हाला त्यातलं कळत नाही." आणि मी दादाच्या बाजूने बोललो. दहावीच्या पुस्तकातलं काहीतरी ऐकवलं त्यांना. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मेंढरं पलीकडच्या शिवारात न्यायला लागले. ही गोष्ट मला आजही डाचते.

आप्पा एकूण एक शब्द खरं बोलले होते. गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथे कोकोच्या झाडांवर सावली धरायला लावतात. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच उंदीर मारणारा असा होतो, आपल्याकडेही उंदीरमारी म्हणतात. पाल्याला उग्र वास असतो, सवय नसलेलं जनावर ताज्या पाल्याला तोंड लावत नाही. म्हणजे बोर-हिवराचं रोप शेळी-मेंढी खाणार आणि ह्याचं शाबूत राहणार. शर्यत सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला. माघ-फाल्गुनात पानं गळून फांद्या गुलाबी फुलांनी भरतात, लोक फोटो काढायला येतात. पुढे उन्हाळ्यात शेंगा वाळून तडकतात आणि बी लांब उडतं. आमच्या माळावर आठ-दहा वर्षांत लागवडीची ओळ कुठली आणि आपोआप उगवलेलं कुठलं, हे ओळखू येईना. ओघळीपर्यंत पोचलं, तिथून आमच्या शेताच्या कडेला आलं.

खाली गवत राहिलं नाही. माळावरच्या गवताला ऊन लागतं, डोक्यावर छत्री धरून ते जगत नाही. गवत गेलं तशी माळटिटवी गेली, धाविक गेला, डोंबारी गेली. ही पाखरं दगडगोट्यात, उघड्यावर अंडी घालतात. चहूबाजूंनी लांबवरचं दिसलं तर त्यांना धीर येतो. मयूरेश्वर अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. अवघं पाच चौरस किलोमीटरचं. तिथले चिंकारे कुंपणं मानत नाहीत, पूर्वी पहाटे आमच्या माळावर चार-पाच हमखास दिसायचे. आता झाडीच्या कडेने गेले तर गेले. सोलापूरकडे नान्नजला, जिथे माळढोकासाठी अभयारण्य केलं, तिथल्या माळावरसुद्धा एके काळी हेच गिरिपुष्प लावलं होतं. माळढोक म्हणजे माळाचा पक्षी. त्याच्या माळावर झाडी! हे कुणाच्या वाईट हेतूने झालं नाही, सातबाऱ्यावरच्या त्या "पडीक" शब्दामुळे झालं. मोकळी जमीन दिसली की आपल्याला ती रिकामी वाटते.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे. दर दिवाळीला हा वाद होतो. हिरवं तर झालं ना, असं तो म्हणतो. मुळांवर गाठी असतात, जमिनीला नत्र मिळतं, असंही म्हणतो. मिळतं, खरं आहे. पण माळाचं गवत हलक्या जमिनीतच वाढलेलं आहे, त्याला त्या नत्राची भूक नव्हती. फुकटच्या नत्रावर पोसतं ते गाजर गवत. २०१२ च्या दुष्काळात शेळ्यांनी सुकवलेला पाला खाल्ला, हा त्याचा हुकमी मुद्दा. खाल्ला, मी स्वतः घातलाय. सुकवला की वास कमी होतो. पण जिथे पूर्वी दुष्काळातही वाळलेला पवन्या उभा असायचा, तिथे पाला सुकवून घालायची वेळ का आली, हे तो बोलत नाही. माझी मावशी भिगवणची. तिकडे उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी ह्या बाहेरून आलेल्या माशाने असंच केलं. मासळी भरपूर, जाळी भरतात. आणि मरळ, वाम आठवड्यातून एकदा दिसली तर दिसली. "मासे वाढले ना" आणि "हिरवं झालं ना" ही एकाच घरातली वाक्यं आहेत. काय वाढलं ते मोजायचं, कशाच्या जागेवर वाढलं ते विचारायचं नाही.

२०१८ मध्ये मी ठरवलं की निदान आमच्या मालकीच्या दीड एकर पोटखराब्यात घुसलेलं काढायचं. (गायरानातल्या झाडाला परवानगीशिवाय हात लावू नका, आणि स्वतःच्या जमिनीवरच्या मोठ्या झाडांचीही आधी तलाठ्याकडे चौकशी करा.) पहिल्या वर्षी चूक केली. गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडली. पावसाळ्यात एकेका खोडाला दहा-दहा फुटवे. दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. बोटाएवढी रोपं पहिल्या दोन पावसांनंतर, जमीन मऊ असताना मुळासकट उपटली. मोठी जमिनीलगत तोडली आणि फुटवा आला की लगेच मोडायचा, पुन्हा आला की पुन्हा मोडायचा. चार-पाच वेळा केलं की खोड दमतं. तोड फुलं यायच्या आधी, म्हणजे पौषातच उरकायची, शेंगा धरू द्यायच्या नाहीत. एकदम सगळं उघडंही करायचं नाही. आम्ही केलं, तर रिकाम्या जागेत गाजर गवत आणि घाणेरी घुसली. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. त्याने अंगावर पुरळ उठतं, दम्याच्या माणसाने त्यात पडूच नये. आणि एक उपटायचं म्हणून दुसरी परदेशी तणं पेरू नका. गाजर गवताला दाबायला म्हणून एका अमेरिकन तरवडाचा पुरस्कार झाला होता, आज तोही माळामाळावर माजलेला दिसतो.

तिसऱ्या वर्षी कुसळी आली. पाचव्या वर्षी ओघळीकडून मारवेल सरकली. आम्ही एकही बी पेरलं नव्हतं, कडेला उरलेल्या गवताने काम केलं. त्या उन्हाळ्यात मुरमात माळटिटवीची चार अंडी दिसली. मी दादाला मुद्दाम बोलावून लांबून दाखवली. तो म्हणाला, "एका टिटवीसाठी एवढी झाडं तोडलीस?" मी म्हणालो, आप्पा असते तर त्यांना दाखवली असती. त्यावर तो गप्प बसला.

सुबाभळीबद्दल थोडक्यात. चारा म्हणून आपल्याकडे ऐंशीच्या दशकात तिचा फार गाजावाजा झाला. शेंगा जवळजवळ वर्षभर, बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत, आणि जनावराला जास्त घातली तर केस गळतात. जगातल्या सर्वांत वाईट शंभर आक्रमक जातींची जी यादी आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने केली, तिच्यात घाणेरी, रानमोडी, जलपर्णीबरोबर सुबाभूळ आहे. माळावर तर नकोच.

आता कुणीतरी खाली लिहील की मिरची, बटाटा, पेरूसुद्धा बाहेरचेच. चिंचसुद्धा आफ्रिकेतली. बरोबर आहे. बाहेरून आलेलं प्रत्येक झाड वाईट असं मी म्हणत नाही. मिरची शेताचा बांध ओलांडून माळ गिळत नाही, एवढाच फरक आहे, आणि तो पुरेसा आहे. गिरिपुष्पसुद्धा बांधावर हिरवळीच्या खतासाठी ठेवायचं असेल तर ठेवा, कोकणात भातखाचराला त्याचा पाला चांगला उपयोगी पडतो. फुलं यायच्या आत छाटत राहा म्हणजे झालं. आमची मेंढरं गेली तीही फक्त ह्या झाडापायी नाही. रस्ते झाले, शिवारं बागायती झाली, पोरं शिकली. पण माळ गेला नसता तर आप्पांनी आणखी काही वर्षं तरी ठेवली असती, हे मी नक्की सांगतो.

तुमच्या पाच एकरांचं काय करायचं, तर यंदा काहीच लावू नका. श्रावणात आणि पुन्हा कार्तिकात तिथे जाऊन गवतं किती प्रकारची आहेत ते बघा, जवळपास कुणी जुना मेंढपाळ असेल तर त्याला घेऊन जा. चराई दोन पावसाळे आळीपाळीने बंद ठेवा. झाडं हवीतच असतील तर ओघळीच्या आणि बांधाच्या कडेने, विरळ, हिवर, बोर, खैर अशी. तुम्ही तालुका लिहिला नाही आणि पाऊस किती तेही लिहिलं नाही. मावळात असाल तर ही नावं बदलतील. लिहा, मग सांगतो.

आणि दादा, हे तू वाचशील, मला माहीत आहे, तुझी सून तुला दाखवेलच. ओघळीच्या वरची तुझी ती ओळ यंदा पुन्हा शेंगांवर येणार आहे. पौषात मी दोन दिवस येतोय, कोयता घेऊन.