‘मी केलं’ म्हणताना जीभ अडखळते

प्रश्न : ताई, मी अकरा वर्षं नोकरी करतेय. कामात कुणी बोट दाखवू शकणार नाही, दरवर्षी अप्रेझलमध्ये ‘भरवशाची’ असा शेरा असतो. पण मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटत नाही. परवा कामं उशिरा का होतात यावर चर्चा होती. मी तीन आठवडे सगळा डेटा बघून कारण शोधलं होतं आणि ते सांगितलंही, ‘सॉरी, मला वाटतं कदाचित अप्रूव्हल दोनदा घेतलं जातंय म्हणून असेल, मी चुकतही असेन’ असं. कुणी काहीच बोललं नाही. दहा मिनिटांनी एका सहकाऱ्याने तेच ठासून सांगितलं तर साहेब म्हणाले, वा, बरोबर पकडलंस. मी गप्प बसले आणि घरी येऊन रडले. खरं सांगू का, मला वाटतं मी हुशार नाहीच, नुसती कष्टाळू आहे आणि एक दिवस हे सगळ्यांना कळणार. आत्मविश्वास कसा वाढवू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याखाली रेघ मारली, ‘तीन आठवडे सगळा डेटा बघून कारण शोधलं होतं’. मला लिहिताना किती सरळ लिहिलंस बघ. हेच मीटिंगमध्ये बोलताना त्यातले तीन आठवडे गेले, डेटा गेला, आणि उरलं काय तर सॉरी, कदाचित आणि चुकतही असेन. सहकाऱ्याने ते वरचं वेष्टण काढून टाकलं एवढंच, आतला माल तुझाच होता. त्याने तुझं नाव घ्यायला हवं होतं हे तर आहेच, आणि साहेबांनाही दहा मिनिटांपूर्वीचं आठवायला हवं होतं, ती चूक तुझ्या पदरात बांधून घेऊ नकोस.

पण हे सॉरी-बिरी फक्त तुझंच आहे असं समजू नकोस. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावण्यांचा एक अभ्यास 2017 मध्ये आला. तिथे बसलेल्या महिला न्यायमूर्तींना, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या खुर्चीवरच्या बायकांना, पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वेळा मध्येच तोडलं जात होतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की कोर्टात नवीन असताना त्या ‘माफ करा’, ‘विचारू का’ अशी सुरुवात करायच्या आणि वर्षं गेली तशी ती सुरुवात गाळून थेट प्रश्नाला हात घालायला लागल्या. पुढे 2021 मध्ये कोर्टाने प्रश्न विचारायची पद्धत बदलली, प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेप्रमाणे स्वतंत्र वेळ मिळायला लागला, आणि न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी जाहीरपणे सांगितलं की त्यामागे अशा अभ्यासांचाही हात होता. मला यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, बायकांनी स्वतःचं वाक्य बदललं आणि नंतर का होईना संस्थेने नियम बदलला.

आता आत्मविश्वास. तू म्हणतेस तो आधी वाढवायचा आणि मग बोलायचं, तर असं वाट बघत बसलीस तर अजून अकरा वर्षं जातील, मी माझ्या अनुभवावरून सांगतेय. मला सुरुवातीची कितीतरी वर्षं मीटिंगमध्ये हात गार पडायचे, पेनचं टोपण काढ-घाल काढ-घाल चालू असायचं, आणि बोलायचं ठरवलेलं असायचं पण आधी याचं होऊ दे, मग त्याचं होऊ दे असं करता करता मीटिंग संपायची. एका सीनियर बाईंनी ते टोपण बघितलं असावं. त्या म्हणाल्या, वहीच्या मागच्या पानावर एकच वाक्य लिहून आण आणि पहिल्या पाच मिनिटांत ते वाचून दाखव, पाठ-बिठ करू नकोस. पुढच्या मीटिंगला मी लिहून नेलं, ‘या महिन्यातल्या सगळ्या तक्रारी मी वाचल्या, निम्म्याहून जास्त एकाच फॉर्ममुळे आहेत.’ वाचताना आवाज थरथरत होता आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता. पण समोरच्याने विचारलं, कुठला फॉर्म? आणि मग पुढचं बोलायला मला धाडस लागलंच नाही, कारण कुठला फॉर्म ते मला तोंडपाठ होतं.

म्हणून तूही पहिलं वाक्य लिहून ने. ‘मी तीन आठवडे सगळा डेटा तपासला, उशीर अप्रूव्हल दोनदा घेतल्यामुळे होतोय, आकडे माझ्याकडे आहेत.’ एवढं बोलून थांब, थांबणं सगळ्यात अवघड असतं कारण ती शांतता भरून काढायला आपण लगेच ‘म्हणजे मला असं वाटतं हां’ जोडतो. आवाज चढवायची गरज नाही, तुझा हळू असेल तर हळूच राहू दे. आणि कुणी तुझा मुद्दा उचलला तर तिथेच, न रागावता, ‘हो, मघाशी मी हेच म्हणत होते, त्याचे आकडे दाखवते’ असं म्हणायचं. तेव्हा नाही सुचलं तर त्याच संध्याकाळी साहेबांना मेल टाक, ‘आज चर्चेत आलेल्या अप्रूव्हलच्या मुद्द्याचं माझं विश्लेषण जोडलंय’. परवाच्या मीटिंगचंही आज पाठवता येईल, उशीर झालेला नाही.

राहिलं ते ‘एक दिवस सगळ्यांना कळणार’. या भावनेला नाव आहे, इम्पोस्टर फिनॉमिनन. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून जास्त यशस्वी बायकांबद्दल लिहिताना ते वापरलं. पदव्या होत्या, मान होता, तरी त्यांना वाटायचं आपण लोकांना फसवतोय, आपलं यश म्हणजे नशीब नाहीतर निव्वळ मेहनत. तुझं ‘नुसती कष्टाळू’ हे अगदी तेच आहे गं. तीन आठवडे आकडे बघून नेमकं कारण वेगळं काढणं याला कष्टही लागतात आणि डोकंही. हा आजार नाही, पण झोप उडत असेल, सकाळी ऑफिसला जायच्या विचाराने पोटात गोळा येत असेल तर समुपदेशकाशी बोल, त्यात कमीपणा कसला.

प्रश्न : मी टीम लीडर आहे. टीममधली एक बाई उत्तम काम करते, पण मीटिंगमध्ये कधीच बोलत नाही. मी सगळ्यांसमोर ‘बोला ना मॅडम, काहीतरी बोला’ असं प्रोत्साहन देतो तर ती आणखीच मिटते. काय करू?

उत्तर : दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण हे प्रोत्साहन आजच बंद करा. ‘काहीतरी बोला’ म्हटलं की खोलीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळतात आणि विषय तिचं काम न राहता तिचा अबोलपणा होतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी तिला गाठून सांगा, उद्या अमुक भागावर मी तुम्हाला विचारणार आहे, पाच मिनिटं तुमची. आणि मीटिंगमध्ये नेमका प्रश्न विचारा, जो तिला येतो.

दुसरं म्हणजे पहिला शब्द कुणाला देता ते बघा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा देशांतली जवळजवळ अडीचशे शैक्षणिक व्याख्यानं पाहिली होती, त्यात पहिला प्रश्न पुरुषाने विचारला असेल तर पुढच्या प्रश्नांत बायकांचं प्रमाण कमी व्हायचं. तुमच्या मीटिंगची सुरुवात दर वेळी त्याच दोघांपासून होत असेल तर एकदा क्रम बदलून बघा. कुणी तिला मध्ये तोडलं तर ‘थांबा, त्यांचं पूर्ण होऊ दे’ हे तुम्ही म्हणायचं, तिने नाही.

आणि एक विचारते, राग मानू नका. मीटिंगचे मुद्दे लिहून काढायचं काम कुणाकडे असतं? निरोप समारंभाची वर्गणी कोण गोळा करतं? अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की ज्या कामाने बढती मिळत नाही ते काम मिश्र गटात बायका जास्त वेळा अंगावर घेतात आणि त्यांना ते सांगितलंही जास्त जातं. गट फक्त बायकांचा किंवा फक्त पुरुषांचा असला की हा फरक उरत नाही, म्हणजे हा काही बायकांचा स्वभाव नाही. जी बाई खाली मान घालून सगळ्यांचं बोलणं टिपून घेतेय ती बोलणार कधी? हे काम आळीपाळीने लावा.

प्रश्न : ‘मी केलं’ म्हणणं मला बढाई वाटते. मेलमध्येही ‘आम्ही केलं’ असंच लिहिते. हे चुकतंय का?

उत्तर : जिथे आम्ही होतो तिथे आम्हीच लिहावं. पण एकटीने रात्री बसून केलेल्या कामाला आम्ही लिहिलं की वाचणाऱ्याला चुकीची माहिती जाते, आणि पगारवाढ ठरवणाऱ्या माणसाकडे तेवढीच माहिती असते. एक्स्ली आणि केसलर या अर्थशास्त्रज्ञांच्या एका प्रयोगात स्त्री-पुरुषांना वीस प्रश्नांची परीक्षा दिली, गुण साधारण सारखे आले, पण ‘मी चांगली कामगिरी केली’ याला शंभरपैकी किती असं विचारल्यावर पुरुषांनी स्वतःला सरासरी 61 दिले आणि बायकांनी 46. नेमके गुण माहीत असतानाही हा फरक गेला नाही.

तोंडाने जमत नसेल तर लिहिण्यापासून सुरू करा. दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून वहीत लिहायचं, मी काय केलं, त्याने काय बदललं, कुणाचा कुठला त्रास वाचला. विशेषणं नकोत, क्रियापदं आणि आकडे हवेत. ‘मी खूप छान रिपोर्ट केला’ हे लिहायला जड जातं, ‘मी रिपोर्टची पद्धत बदलली, दोन दिवसांचं काम चार तासांवर आलं’ हे जड जात नाही, कारण ते नुसतं घडलेलं आहे. अप्रेझलच्या वेळी हीच वही समोर ठेवायची.

आणि ऑफिसात एखादी मैत्रीण असेल तर तिला सोबत घ्या. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या बायकांनी आपसात ठरवलं होतं की एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तिचं नाव घेऊन तो पुन्हा सांगायचा, म्हणजे तो कुणाचा ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. स्वतःचं नाव घेताना जीभ अडखळते ना, तिचं घेताना नाही अडखळणार. सोमवारच्या मीटिंगला तिच्यापासूनच सुरुवात करा.