आजच्या इंडी गेममध्ये, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमनी बनवलेल्या व्हिडिओ गेममध्ये, जुने पिक्सेलवाले (ठिपक्याठिपक्यांचे) ग्राफिक्स का असतात? नुसती आठवणींची ओढ आहे का?

ओढ आहेच, पण तेवढंच नाही.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत मूळ निन्टेन्डो, म्हणजे टीव्हीला जोडायचं जपानी गेम मशीन, कुठला असायला! कापसाचे पैसे आले की एखाद्या घरी त्याची स्वस्त नक्कल यायची, पिवळ्या कॅसेटवाली. अर्धी आळी टीव्हीपुढे, आणि कॉन्ट्रा रंगात आला की नेमकी लाइट जायची. त्या मशीनचं चित्र फक्त २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं, एका स्प्राइटला (पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राला) जेमतेम ३ रंग. मारिओची टोपी आणि मिशीसुद्धा अशाच अडचणीतून आली. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये एवढ्याशा जागेत केस आणि तोंड दाखवणं अवघड होतं.

आताचे गेम मात्र हुबेहूब जुने नसतात. २०१४ चा शॉवेल नाइट बघा. पडदा रुंद, जुन्या मशीनकडे नव्हते असे काही रंग मुद्दाम घेतलेले. जुना गेम आपल्याला जसा आठवतो तसा तो आहे, प्रत्यक्षात होता तसा नाही. मला तर हेच फार आवडतं.

दुसरं कारण रोकडं आहे: माणसं कमी लागतात. २०१६ ची स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोनने एकट्याने बनवली; चित्रं, संगीत, कोड सगळं. शिवाय ती साध्या लॅपटॉपवर चालते, आणि तालुक्याच्या पोरांसाठी ही लहान गोष्ट नाही.

एक करून बघा. जुन्या डबा टीव्हीवर ठिपक्यांच्या कडा एकमेकांत मिसळायच्या, म्हणून गेममध्ये सीआरटी फिल्टर (डबा टीव्हीसारखं चित्र दाखवणारी सेटिंग) असेल तर तो चालू करा.