रोमन प्रांतीय चांदीची नाणी जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही जर्मनीत राहता आणि बजेट बेताचं आहे असं लिहिलंय, म्हणून सरळच सांगतो: इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मांचं नाणं) घ्या. प्राचीन सीरियातल्या अँटिओकची गरुडछाप नाणी भारदस्त दिसतात. कॅपाडोकियातल्या सीझरियाच्या नाण्यांवरचा अर्गाइअस पर्वत (तुर्कस्तानातल्या कायसेरीजवळचा आजचा एर्जियेस) तर माझा खास लाडका. पण नवख्याला स्वतः वाचता येईल असं नाणं अलेक्झांड्रियाचंच.

कारण त्यावर साल असतं. इंग्रजी एलसारखी खूण म्हणजे वर्ष, पुढची ग्रीक अक्षरं म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं कितवं ते. माझ्याकडच्या रोमन बादशहा नीरोच्या नाण्यामागे हत्तीचं कातडं डोक्यावर घेतलेली, स्त्रीरूपातली अलेक्झांड्रिया नगरी आहे, कपाळावर सोंड उभारलेली. चेहऱ्यासमोर ती खूण, मग आयोटा आणि बीटा, म्हणजे दहा अधिक दोन. बारावं वर्ष. इजिप्तचं नवं वर्ष ऑगस्टअखेरीस लागे, त्या हिशेबाने इ.स. 65-66. पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर ब्राह्मीतला शकाचा आकडा हुडकणाऱ्यांना हा नाद ओळखीचा वाटेल.

चांदी मात्र बेताचीच. नीरोच्या नाण्यात साधारण सहावा हिस्सा, तिसऱ्या शतकाच्या अखेरीला तर जवळपास तांबंच. इजिप्तमध्ये बाहेरचं नाणं चालू देत नसत, म्हणून असलं हिणकस नाणंही तिथे खपून गेलं. इ.स. 296 च्या सुमारास बादशहा डायोक्लेशियनने ते बंद केलं. त्यामुळे तपकिरी, काळपट रंग बघून बिचकू नका आणि कृपा करून उजाळा द्यायला सोनाराकडे नेऊ नका. रंग गेला की किंमतही गेली.

बनावट मालाची एक सोपी परीक्षा: हाताने ठोकलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. दोन जाहिरातींत तोच चरा, तीच कडेची भेग दिसली तर ती साच्यातली. 'रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज'चा डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे. घेण्याआधी प्रकार तिथे जुळवून बघा.

जुनी बिलं दाखवणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घ्या. तुर्कस्तानात फिरताना अवशेषांजवळ कोणी नाणं पुढे केलं तर हातही लावू नका, ते देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे. संग्रह पुढेमागे भारतात आणायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: 100 वर्षांहून जुनं नाणं इथे पुरावस्तू ठरतं आणि 1972 च्या कायद्यामुळे ते पुन्हा बाहेर नेता येत नाही.