नाव तेवढं कळू दे

“एकदा त्याचं नाव कळू दे, मग मी शांत होईन.” बायकोचे दुसऱ्या कुणाशी संबंध होते हे उघड झालेले नवरे माझ्यासमोर बसून हेच म्हणतात. कुणी संतापून म्हणतं, कुणी अगदी थंडपणे. ‘त्या माणसावर केस करता येईल का’ हेही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केल्यापासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटासाठी मात्र तो आधार आहे. एवढं सांगून त्या बाबतीत मी वकिलाकडे पाठवते. मनाचं काम माझ्याकडे उरतं.

अशाच एका गृहस्थांची ही हकीकत, ओळख पटेल असं सगळं बदलून. सरकारी खात्यात वरच्या पदावर होते. विभागीय चौकश्या करण्यात त्यांचा हातखंडा. पत्नीने संबंध संपल्याचं सांगितलं होतं, माफीही मागितली होती. नाव मात्र सांगत नव्हती. यांनी तिचा फोन स्वतःकडे घेतला, तिचं माहेरी जाणं थांबवलं, आणि रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रश्न. जेवण जात नव्हतं, पोटात ढवळायचं. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही.

“नाव कळलं की काय होईल?”

“सगळं मिटेल.”

“सगळं म्हणजे काय?”

यावर त्यांच्याकडे उत्तर नसायचं. अनेक भेटी आम्ही याच जागी अडलो.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करते. घटना माणसाला दुखावतेच, पण त्याची झोप उडवतो तो ‘असं व्हायलाच हवं’ हा हट्ट. स्वतःचा हट्ट दिसणं फार कठीण. दुसऱ्याचा चटकन दिसतो. म्हणून मी कथा-कादंबऱ्यांची मदत घेते, आणि इतक्या वर्षांत या मदतीवरचा माझा विश्वास वाढतच गेला आहे. या गृहस्थांना मी फिट्झजेराल्डच्या 1925 च्या ‘द ग्रेट गॅट्स्बी’ या कादंबरीतला जॉर्ज विल्सन सांगितला.

काळ 1922 चा उन्हाळा. न्यूयॉर्कला जाणाऱ्या रस्त्यावर, राखेच्या ढिगाऱ्यांच्या उजाड पट्ट्यात विल्सनचं गॅरेज. घरात कुत्रा नाही, आणि बायको मर्टलच्या सामानात कुत्र्याचा महागडा पट्टा सापडतो. मर्टल समजावू पाहते, तो ऐकून घेत नाही. चेहरा हिरवट पडेपर्यंत तो आजारी होतो. तिला माडीवर कोंडतो आणि इथून दूर पश्चिमेकडे निघून जायचं ठरवतो. त्यासाठी पैसे हवेत म्हणून टॉम ब्यूकॅननकडे त्याची जुनी गाडी विकायला मागतो. मर्टलचे संबंध टॉमशीच आहेत, हे त्याच्या गावीही नाही. गंमत नव्हे, भयंकर गोष्ट अशी की त्याच दिवशी टॉमलाही कळलेलं असतं की आपली बायको डेझी धनाढ्य गॅट्स्बीवर प्रेम करते. संध्याकाळी मर्टल घराबाहेर पळते आणि एका पिवळ्या गाडीखाली येऊन मरते. गाडी गॅट्स्बीची, चालवत डेझी होती. विल्सन रात्रभर एकच धरून बसतो: गाडीवाला तोच आपल्या बायकोचा प्रियकर. सकाळी तो शोधत निघतो. गाडी गॅट्स्बीची आहे हे टॉमच त्याला सांगतो. विल्सन गॅट्स्बीला गोळी घालतो आणि मग स्वतःला.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे नाव मिळालं, तेही चुकीचं.”

“बरोबर मिळालं असतं तर?”

“तरी मारलंच असतं.” थांबले. “त्या रात्री त्याच्याजवळ कुणीच नव्हतं?”

“शेजारी होता, मिखाएलिस. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं आहेत का, चर्चमध्ये जातोस का, असं विचारत बसला. मित्र असा विल्सनला कुणी नव्हताच.”

“मीही कुणाला सांगितलेलं नाही.”

हीच वेळ होती. मी विचारलं, “पत्नीला तुम्ही काय काय विचारलंत?”

“कुठे, कधी, किती वेळा. सगळं.”

“आणि सांगितलंत काय? पोटात ढवळतं, झोप नाही, हे?”

“नाही.”

“का?”

“तिला कळेल मी मोडलोय.”

एवढं बोलून ते रडले, माझ्यासमोर पहिल्यांदा. मला जे दिसलं ते असं: चौकशी करणारा अधिकारी नेहमी वरच्या खुर्चीत असतो, आणि दुखावलेल्या नवऱ्याला ती खुर्ची सोडायची भीती वाटते. नावाचा हट्ट त्या खुर्चीसाठी होता.

काही प्रश्न विचारण्याचा हक्क नवऱ्याला आहेच. संबंध खरंच संपलेत का, आरोग्याची तपासणी करायला हवी का, तो माणूस घरी येणाऱ्यांपैकी आहे का. ते दिवसा, ठरवलेल्या वेळी विचारावेत. शय्येचे तपशील विचारू नयेत; ऐकलेलं चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. बायकोला कोंडणं, तिचा फोन काढून घेणं यांनी विश्वास परत येत नाही, उलट तिच्या जिवाला धोका तयार होतो. विश्वासातल्या एका माणसाला तरी सांगा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा विचार येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बोला. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही चालतो.

त्यांनी फोन परत केला. एका रविवारी पत्नीला स्वतःच्या हालांबद्दल सांगितलं. पुढे काही आठवड्यांनी तिने आपणहून नाव सांगितलं. आमच्या भेटीत त्यावर पाच मिनिटंही गेली नाहीत. उरलेला वेळ कॉलेजातल्या मुलीला हे सांगायचं का, यावर गेला. एकत्र राहायचं की नाही, हे दोघांनी अजून ठरवलेलं नाही. आता ते दोघं मिळून येतात.