तालुक्याच्या जिममध्ये जायला लाज वाटते, आत्मविश्वास कसा आणू?

सगळे आपल्याकडेच पाहून राहिले, असं सुरुवातीला प्रत्येकाला वाटते. खरं तर तिथली पोट्टी आरशात स्वतःचेच दंड पाहण्यात गुंग असतात.

संध्याकाळची गर्दी टाळा, पहाटे जा. उन्हाळ्यात तर आपल्या विदर्भात टिनाच्या शेडखाली दुसरा इलाजच नाही. पहिला महिना स्क्वॅट (वजन घेऊन उठबस), छातीचा प्रेस (छातीपासून वजन ढकलणं) आणि रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं) एवढंच करा. मोठा ऑलिम्पिक बार, म्हणजे वजनाच्या प्लेटा लावायचा लांब दांडा, रिकामाच 20 किलोचा असतो. जड गेला तर बिनधास्त डंबेल घ्या. वजन आणि रेप्स (एका दमात किती वेळा केलं ते) वहीत लिहा. सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्था हालचाल शिकते म्हणून वाढते, त्यामुळे शरीर बदललेलं दिसण्याआधी वहीतले आकडे वाढतात. माझ्या मते धीर तिथूनच येतो, आरशातून नाही.

मशीन समजली नाही तर "दादा, एक डाव दाखवा ना" म्हणा. बहुतेक जण हौसेनं दाखवतात, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच! शेतात पोती उचलायची सवय असेल तर पकड मजबूत असतेच. पुढे डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) कराल तेव्हा मात्र पाठ सरळ ठेवायला शिकून घ्या. आणि पहिल्याच आठवड्यात कोणी प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारू लागला, तर सरळ नाही म्हणा. अंडी, चणे, सोयाबीन वडी घरी आहेच.