पोलो जीटी टीएसआय रोजच्या वापरासाठी लोअर करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ची पोलो जीटी टीएसआय सेकंडहँड घेतली आहे. कोल्हापुरात रोज घर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आणि सुट्टी मिळाली की घरच्यांना घेऊन आंबोलीमार्गे गोवा. चाक आणि मडगार्डमधली फट डोळ्यांत खुपते. मित्र म्हणतात, लोअरिंग स्प्रिंगा टाकून ३५ मिलिमीटर खाली बसव, गाडी वळणावर स्पोर्ट्‌स कारसारखी चिकटून चालेल. तर करावं का?

रोजची गाडी हीच असेल तर ३५ करू नका. दिसण्यासाठी करायचंच असेल तर २०-२५च्या पुढे जाऊ नका, आणि तेही शॉकअपसकट करा. मी पुण्यात सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचंच काम करतो. चाकणला बनलेल्या या पोलो माझ्याकडे भरपूर येतात आणि ही गाडी मला मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मित्रांचा मुख्य मुद्दा घेऊ. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर कमी सरकतं. हे खरंच आहे, पण किती कमी सरकतं ते बघा. ड्रायव्हरसकट गाडी १,२०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४६ सेंटीमीटर धरू. अर्धा जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्मा जोर बाजूला ओढणारं, घाटात चांगलंच जोरात घेतलेलं वळण. अशा वळणावर साधारण २२६ किलो वजन बाहेरच्या बाजूला जातं. ३५ मि.मी. खाली बसवल्यावर तोच आकडा २१२च्या आसपास येतो. फायदा १४ किलोचा, सहा टक्के. रेसिंग ट्रॅकवर सहा टक्क्यांसाठी माणसं जीव टाकतात, पण आंबोलीच्या घाटात बायको-मुलांसोबत हा फरक तुमच्या हाताला कळणारही नाही.

लोअर केलेली गाडी चालवून माणूस खूश होतो, तो बहुतेक वेळा स्प्रिंगा कडक झाल्यामुळे. बॉडी कमी कलते, स्टिअरिंग वळवलं की गाडी पटकन उत्तर देते. पण त्यासाठी उंची कमी करावीच लागते असं नाही.

आता जे सहसा कोणी सांगत नाही ते. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, आणि खालून चाकाला धरणारा एक आडवा दांडा, तो लोअर आर्म. तुमची गाडी जॅकवर न घेता, चाकांवर उभी असताना खाली वाकून लोअर आर्म बघा: आतल्या बुशकडून (सांध्यातल्या रबराकडून) चाकाकडे जाताना तो थोडा खाली उतरतो. त्या उताराच्या कोनावर पुढच्या सस्पेन्शनचा रोल सेंटर ठरतो, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो. गाडी खाली बसवली की आर्म आडवा होतो, आणखी बसवली की चाकाकडे चढायला लागतो. अशा वेळी रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो आणि दोघांमधलं अंतर वाढतं. हे अंतर म्हणजेच बॉडीला कलवणारी तरफ. थोडक्यात, गाडी जमिनीजवळ आली पण कलण्याची प्रवृत्ती वाढली. ती दाबायला स्प्रिंग कडक करावी लागते, आणि खाली उरलेल्या कमी जागेमुळेही कडकच करावी लागते. खरी स्पोर्ट्‌स कार खाली असते तेव्हा तिचे आर्म, जॉइंट, स्टिअरिंग रॉड सगळं त्या उंचीसाठीच मांडलेलं असतं. नुसत्या चार स्प्रिंगा बदलून ती मांडणी येत नाही. स्टिअरिंग रॉडचा कोनही बदलतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की ते स्वतःहून थोडं वळतं आणि सरळ रस्त्यावर गाडी हातात चुळबुळ करते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा ट्रॅव्हलचा आहे. उभ्या गाडीचं चाक बंप स्टॉपला (चाकाला आणखी वर जाण्यापासून अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर जायला जेवढी जागा असते, ती तुमची खरी पुंजी. समजा ती ८० मि.मी. आहे. त्यातली ३५ तुम्ही उभ्या उभ्या देऊन टाकली, उरली ४५. तोच खड्डा त्याच वेगात आला तर तोच धक्का आता ४५ मध्ये जिरवायचा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे तेवढंच काम करायला स्प्रिंग तिपटीहून कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा साधारण वीस-तीस टक्के कडक असतात. राहिलेला धक्का कोण घेणार? बंप स्टॉप, स्ट्रट माउंट, रिम आणि तुमची कंबर.

खड्ड्यातला दणका निदान ऐकू तरी येतो. वळणावर हेच घडलं तर ते जास्त वाईट. भरल्या गाडीने घाटात वळण घेताना मध्येच रस्ता उखडलेला असला आणि बाहेरचं पुढचं चाक बंप स्टॉपला टेकलं, तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कैक पटींनी वाढतो. टायरवर भार एकदम चढतो, पकड सुटते आणि गाडीचं नाक वळणाबाहेर पळतं. मागचं चाक टेकलं तर मागची बाजू सुटते. ज्या पकडीसाठी खर्च केला, ती नेमकी हवी तेव्हा जाते.

तुमचा ट्रॅव्हल किती वापरला जातो हे आजच मोजता येईल. मिस्त्रीला स्ट्रटवरचा धूळरबर वर करायला सांगा आणि शॉकअपच्या चकचकीत रॉडवर एक बारीक झिप टाय घट्ट बसेल पण सरकेल अशी बांधा, अगदी शॉकअपच्या बॉडीला टेकवून. रोजच्या रस्त्यावर आठवडाभर फिरा, एकदा चौघं बसून डिकी भरून फिरा. रॉडवर ही झिप टाय जिथे जाऊन थांबेल तिथपर्यंत चाक वर गेलं होतं. मी हे केलेल्या बऱ्याच गाड्यांत टाय बंप स्टॉपपर्यंत पोचलेली असते, तेही कंपनीच्या उंचीवर. तुमच्या गाडीत तसं निघालं तर विषय तिथेच संपला.

आता स्पीडब्रेकर. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर साधारण १६५ मि.मी. आहे, तो रिकाम्या गाडीचा. चौघं आणि बॅगा आल्या की ३०-४० सहज जातात, वरून तुमचे ३५. उरले कसेबसे शंभर. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या १९८८च्या आयआरसी ९९ मध्ये गतिरोधकाचं माप दिलं होतं: ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, ताशी २५ किलोमीटरने पार करण्यासाठी. असा गतिरोधक असेल तर लोअर केलेली पोलोही आरामात जाते. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे २.४७ मीटर. दोन्ही चाकं त्या गोलाव्यावर असताना मधला उंचवटा पोटाखाली फक्त साडेचार सेंटीमीटर येतो. अडचण अशी की आपल्या गावागावांत रात्रीत डांबर ओतून जे उंचवटे उठतात, ते उंचीला तेवढेच किंवा जास्त, पण रुंदीला हात-दीड हात. तिथे पुढची चाकं उतरून गेलेली असतात, मागची अजून चढायची असतात आणि उंचवटा पूर्णच्या पूर्ण पोटाखाली येतो. मग चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, घासतो. फोंड्याला किंवा सावंतवाडीला जाताना असे किती लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हेही पैसे न घालवता तपासता येतं. गाडीखालचा सगळ्यात खालचा भाग शोधा. बहुतेक वेळा तो इंजिनखालचं कव्हर किंवा एक्झॉस्टचा सांधा असतो. एक्झॉस्ट तापतो, म्हणून तो सोडून शेजारच्या थंड भागावर, सगळ्यात खालच्या पातळीपासून ३५ मि.मी. खाली येईल अशी फोमची पट्टी चांगल्या दुहेरी टेपने चिकटवा आणि एक नेहमीची गोवा ट्रिप करा. सोसायटीच्या पार्किंगचा उतारही विसरू नका. परत आल्यावर पट्टी किती शिल्लक आहे ते बघा. पुढच्या बंपरच्या खालच्या ओठालाही असाच एक तुकडा लावा, कारण उतारावर पहिला तोच लागतो.

स्प्रिंगेच्या खोक्यावरच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. युरोपात बनलेल्या किटवर "३० मि.मी." लिहिलेलं असतं ते तिकडच्या पोलोच्या उंचीवरून. इथली पोलो आपल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच ठेवलेली आहे. तीच स्प्रिंग इथे टाकली की गाडी तिकडच्याच उंचीला जाऊन बसते, म्हणजे तुमच्यासाठी घट ३० पेक्षा जास्त. म्हणून किती कमी होणार हे न विचारता, बसवल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत किती अंतर राहील ते विचारा. आजचा आकडा टेपने मोजून लिहून ठेवा.

स्प्रिंगा कापून देणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा. गॅसने तापवून त्या दाबून आखूड करणारा भेटला तर आणखी लवकर आणा. कापलेली स्प्रिंग चाक पूर्ण लोंबल्यावर सीटमधून सुटू शकते, आणि तापवलेल्या स्प्रिंगेचं पाणी उतरतं, मग ती बसत जाते किंवा तुटते. माझ्याकडे एक गाडी अशी आली होती की डाव्या-उजव्या बाजूच्या उंचीत बोटभर फरक होता आणि ब्रेक मारला की ती एका बाजूला ओढायची. चारही स्प्रिंगा फेकाव्या लागल्या.

कायद्याचं एवढंच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर सस्पेन्शनची उंची लिहिलेली नसते, त्यामुळे हा भाग वादाचा आहे. विमा कंपनीला मात्र लेखी कळवा. क्लेमच्या वेळी वाद नको.

मग पैसे कुठे घालावेत? गाडी एवढी जुनी आहे, तर आधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंट आणि शॉकअप तपासा. थकलेल्या बुशांची गाडी लोअर करून काही सुधारत नाही. त्यानंतर चांगले टायर. पकड रस्ता आणि रबर यांच्यामध्येच तयार होते, सस्पेन्शन फक्त त्या रबराला जमिनीवर धरून ठेवतं. नवे शॉकअप, नवे बुश, चांगले टायर आणि नीट अलाइनमेंट एवढं करून गाडी आंबोलीला नेऊन आणा. मला खात्री आहे की वळणावर जे शोधताय त्यातलं बरंचसं तिथेच मिळेल.

एवढं करूनही ती फट खुपत असेल तर त्यात गैर काही नाही, आपली गाडी आपल्याला देखणी दिसावी असं वाटणारच. मग २०-२५ मि.मी.च्या स्प्रिंगा आणि त्यांच्याशी जुळणारे शॉकअप एकत्र घ्या. कंपनीचा शॉकअप कडक स्प्रिंगेला आवरू शकत नाही, गाडी उसळत राहते आणि तो शॉकअप लवकर गळायला लागतो. बंप स्टॉपही किटबरोबर आलेले, आखूडच बसवा. बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसू द्या आणि मग अलाइनमेंट करा. खाली आल्यावर पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकतो आणि टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बदलतो. टायर आतून खाल्ले जातात ते मुख्यतः या बदललेल्या टोमुळे, आणि आतली कड वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. पोलोला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई आहे, तिथे नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये फिरवण्यासारखं काही नसतं, पण रीडिंग घेऊन ठेवा. हेडलाइटची पातळीही भिंतीसमोर लावून घ्या. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगा, बंप स्टॉप, वरचे रबर मिस्त्रीकडे सोडू नका. पुढचे-मागचे वेगळे बांधून, चिठ्ठी लावून घरी ठेवा. पावसाळ्यात परत बसवाव्याशा वाटल्या किंवा गाडी विकायला काढली, तर त्याच लागतील.